वाद्यवृंदासमोर एकटा

व्हेनिस, फेब्रुवारी 1715. कार्निव्हलचे दिवस आहेत. सांत आंजेलो थिएटरच्या दारात तुम्ही होडीतून उतरता आणि आत पाऊल टाकताच मेणबत्त्यांचा धूर डोळ्यांत जातो. वरच्या बॉक्समधली मंडळी मुखवटे लावून बसली आहेत. कुणी खातंय, कुणी पत्ते कुटतंय, मधूनच कुणी गायिकेकडे मान वळवतंय. ऑपेरा सलग ऐकावा अशी इथे अपेक्षाही नाही. मग एक लाल केसांचा माणूस व्हायोलिन गळ्याच्या हाडाशी टेकवून उभा राहतो. हनुवटी टेकवायची पट्टी त्या वाद्याला नाही, ती यायला अजून शंभरएक वर्षं आहेत. गज आखूड आहे, तारा आतड्याच्या. हा अंतोनियो व्हिवाल्डी. वय 36, दीक्षा घेतलेला पाद्री, आणि या थिएटरचा कारभारही तोच बघतो.

आधी तो गायिकेला साथ करतो. मग बाकीची वाद्यं थांबतात आणि तो एकटाच वाजवू लागतो. डावा हात पट्टीवरून वर वर सरकत जातो, घोडीच्या इतका जवळ की गज फिरवायला जागाच उरत नाही. पत्ते थांबतात. तुमच्या शेजारी फ्रँकफर्टहून आलेला एक प्रवासी बसलाय, उफेनबाख त्याचं नाव. ते ऐकून आपण चक्क घाबरलो, असं तो डायरीत लिहून ठेवणार आहे.

ती दोन-चार मिनिटं नीट ऐकून ठेवा. सगळ्यांनी गप्प राहायचं आणि एकट्याने त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं, अशी ती मोकळी जागा आहे. युरोपच्या संगीतात तिला पुढे कडेन्झा म्हणू लागतील. आता तुम्हाला तीनशे वर्षं ओलांडायची आहेत. वाटेत ऑर्केस्ट्रा वाढताना दिसेल, सभागृहं मोठी होताना दिसतील, वाद्यांत लोखंड शिरताना दिसेल. मात्र तुम्ही लक्ष ठेवायचं ते या मोकळ्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पिएताच्या अनाथाश्रमात जाता. भिंतीत एक कोनाडा आहे. नको असलेली, पोसता न येणारी तान्ही मुलं तिथे ठेवून लोक निघून जातात. काही बाळांच्या कपड्यांत अर्धं कापलेलं पदक सापडतं. उरलेला अर्धा भाग आईकडे असतो, कधी परत यायची वेळ आलीच तर ओळख पटावी म्हणून. यातल्या मुलींना इथे संगीत शिकवतात आणि व्हिवाल्डी त्यांचा गुरू आहे. प्रार्थनेच्या जागी बसल्यावर तुम्हाला वरच्या सज्जात लोखंडी जाळी दिसते. त्यामागे पांढरी वस्त्रं हलतात, चेहरे दिसत नाहीत. या मुलींना आडनाव नाही, वाद्याच्या नावानेच त्या ओळखल्या जातात. व्हायोलिनवाली आना मारिया हे नाव पुढे युरोपभर पोचणार आहे.

काठी हलवणारा कुणी नाही. पहिल्या व्हायोलिनच्या श्वासावर सगळ्या सुरू करतात. ठसठशीत, लक्षात राहील असा एक तुकडा सगळ्या मिळून वाजवतात, मग एकटीचं व्हायोलिन निघतं, फिरतं, दूर जातं, आणि पुन्हा तो सगळ्यांचा तुकडा येतो, दर खेपेस वेगळ्या पट्टीतून. ख्यालात मुखड्याला परत यावं तसं. ऐकणाऱ्याला परतीची खूण सापडली की वाजवणाऱ्याला कितीही दूर जाता येतं. व्हिवाल्डीने याच सांगाड्यावर पाचशेच्या आसपास कॉन्चेर्टो लिहिले: जलद, संथ, जलद असे तीन भाग. संपल्यावर तुमचे हात आपोआप टाळीसाठी उठतात, पण देवाच्या घरात टाळ्यांना बंदी आहे. लोक खोकतात, पाय घासतात, नाक शिंकरतात. इथली दाद ती हीच.

व्हिवाल्डीचे बारा कॉन्चेर्टो 1711 मध्ये ॲमस्टरडॅमला छापून निघाले होते. ती पानं उत्तरेकडे जर्मनीत पोचली आणि वायमारच्या दरबारातल्या एका ऑर्गनवादकाने त्यांतले काही स्वतःच्या हाताने ऑर्गनसाठी, हार्पसिकॉर्डसाठी उतरवून घेतले. तो योहान सेबास्टियन बाख. दुसऱ्याची रचना ओळ ओळ लिहून काढत शिकायची ही त्याची पद्धत होती.

तुम्ही आता बाखबरोबर क्योटेनच्या किल्ल्यात आहात, साल 1721. गावाच्या मानाने इथला वाद्यमेळ फारच चांगला आहे. त्याचं कारण बर्लिनमध्ये आहे. तिथल्या नव्या राजाने 1713 मध्ये गादीवर येताच दरबारचे वादक घरी पाठवले आणि क्योटेनच्या संगीतवेड्या राजपुत्राने त्यांतले काही उचलले. वादक दीड-दोन डझनच. दालनात नवा हार्पसिकॉर्ड आहे, बाख स्वतः बर्लिनला जाऊन तो घेऊन आलाय.

बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड अशी तीन वाद्यं पुढे आहेत. हार्पसिकॉर्डचं काम तोवर ठरलेलं होतं: मागे बसायचं, बाकीच्यांना सुरांचा आधार द्यायचा. पहिला भाग अर्ध्यावर जातो आणि बाखच्या बोटांची गती वाढू लागते. बासरी मागे सरते, व्हायोलिन मागे सरतं, अखेर सगळेच थांबतात. साथीदार एकटा उरतो आणि वाजवत सुटतो, थांबायचं नावच घेत नाही. एकूण 65 मापं, म्हणजे तालाचे छोटे खंड. या कॉन्चेर्टोचा आधीचा एक खर्डा उपलब्ध आहे, त्यात हीच जागा जेमतेम अठरा मापांची होती. नोकराच्या जागी बसवलेल्या वाद्याला मालकाचं आसन मिळतं ते इथे. व्हिवाल्डीच्या सगळ्या आतषबाजीपेक्षा मला हा क्षण मोठा वाटतो. पियानो कॉन्चेर्टो नावाचा सगळा पुढचा वंश इथून निघाला.

मात्र एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. ती 65 मापं बाखने कागदावर लिहून काढली आहेत, सूर न् सूर. ब्रांडेनबुर्गच्या सरदाराला 24 मार्च 1721 या तारखेची अर्पणपत्रिका जोडून जी सहा कॉन्चेर्टोंची हस्तलिखित वही पाठवली, तिच्यात हा पाचवा होता. वही पुढे शंभरावर वर्षं धूळ खात पडली आणि 1850 मध्ये छापली गेली.

मानहाइमला फार थांबायची गरज नाही, पण तिथून न जाता पुढे जाणं बरोबर नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यावर इथल्या राजाने युरोपातले उत्तमोत्तम वादक एकत्र केले आणि योहान श्टामिट्झने त्यांना घोटून घेतलं. सगळे गज एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. तुम्ही दालनात बसता आणि आवाज अगदी तळातून चढू लागतो, इतका सावकाश आणि इतका एकसंध की मागे बसलेले लोक नकळत उठून उभे राहतात. अनेक जणांचा मिळून एक आवाज होतो, हे इथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे कळतं. मोझार्ट इथे येऊन गेला आणि त्याने वडिलांना पत्रात लिहिलं की आपल्याकडेही क्लॅरिनेट असती तर! साल्झबुर्गच्या वाद्यमेळात ती नव्हती.

व्हिएन्ना, 11 फेब्रुवारी 1785, शुक्रवार. बाहेर कडाक्याची थंडी. दुपारी एक घोडागाडी मोझार्टच्या घरापाशी थांबते आणि 65 वर्षांचे लेओपोल्ड मोझार्ट खाली उतरतात. बर्फातून प्रवास करून अंग आंबलंय, मुलाचं व्हिएन्नातलं घर ते पहिल्यांदाच बघताहेत. घरात मात्र पाहुण्याकडे बघायला कुणाला सवड नाही. नकलकार टेबलाशी वाकलेला आहे. संध्याकाळी वाजवायच्या नव्या कॉन्चेर्टोची वादकांची पानं अजून उतरवून व्हायची आहेत, शाई ओली आहे, आणि वोल्फगांग पान पान तपासत उभा आहे. शेवटचा भाग एकदाही वाजवून बघायला त्याला वेळ मिळालेला नाही. लेओपोल्ड हे सगळं पाच दिवसांनी मुलीला पत्रात कळवणार आहेत.

संध्याकाळी तुम्ही मेलग्रूबेत जाता. एके काळी इथे पिठाचं कोठार होतं, आता वर नाचाचं दालन आहे. उपवासाच्या काळातल्या सहा शुक्रवारांच्या मैफलींची वर्गणी भरून सरदार आणि त्यांच्या बायका आल्या आहेत. मधोमध मोझार्टचा स्वतःचा फोर्टेपियानो ठेवलाय. घरून उचलून आणलेला, हलका, संपूर्ण लाकडी, पाच सप्तकांचा. सुरांची गाज वाढवायला पायाशी पेडल नाही, गुडघ्याने वर ढकलायची पट्टी आहे. लेओपोल्ड पत्रात लिहितात की हे वाद्य सतत कुठल्या ना कुठल्या सभागृहात, नाहीतर कुणाच्या वाड्यावर नेलं जात असतं.

सुरुवात डी मायनरमध्ये. तुम्हाला ताल सापडत नाही. व्हायोलिनं ठोक्यावर न पडता ठोक्यांच्या मध्ये धडधडताहेत आणि खालून चेलो-डबल बास तीन-तीन सुरांचे झटके देताहेत. मग ट्रम्पेट आणि टिंपनीसकट सगळा मेळ कोसळतो. करमणुकीसाठी आलेल्या लोकांना हे अपेक्षित नव्हतं. आता पियानो हीच वादळी धून उचलणार असं तुम्ही धरून चालता. मोझार्ट हात ठेवतो आणि ऑर्केस्ट्राने आतापर्यंत म्हटलेलीच नाही अशी एक साधी, एकाकी धून वाजवतो. दोघांजवळ दोन वेगळी सांगणी आहेत. पुढची दहा-बारा मिनिटं ती एकमेकांना भिडत राहतात, आणि शेवटी कोण कोणाचं ऐकतं हे मोझार्ट सोपं करून सांगत नाही.

मग ऑर्केस्ट्रा एका अधांतरी सुरावर येऊन थांबतो. वाद्यं मांडीवर जातात. मोझार्ट एकटा. तो काय वाजवतो ते तुम्ही आज ऐकता आहात, आणि तेवढ्यासाठी तरी हा प्रवास केलाच पाहिजे, कारण त्याने ते लिहून ठेवलं नाही. या कॉन्चेर्टोची त्याची स्वतःची कडेन्झा आपल्यापर्यंत आलेली नाही. पुढे बीथोवनने आपली लिहिली, पुष्कळदा तीच वाजवतात. त्या संध्याकाळच्या सुरांची मला खरोखर हळहळ वाटते. शेवटी एक लांब ट्रिल येतो, दोन लगतच्या सुरांवर बोटं थरथरत राहतात. ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाला खूण माहीत आहे: ट्रिल ऐकू आला की वाद्य उचलायचं. इतकाच करार. मधल्या वेळात काय होईल ते कुणालाच ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी घरी तंतुवाद्यांची चौकडी वाजवली जाते. संगीतकार हायडन आलेले असतात. ते लेओपोल्डना देवाची शपथ घेऊन सांगतात की मला माहीत असलेल्या संगीतकारांत तुमचा मुलगा सर्वांत थोर आहे. म्हातारा बाप ते वाक्य जपून पत्रात उतरवतो.

तेवीस वर्षांनी तुम्ही त्याच शहरात परत येता, 22 डिसेंबर 1808 ला, थिएटर आन डेर वीनमध्ये. कोट काढू नका. सभागृह धड तापवलेलं नाही आणि कार्यक्रम साडेसहापासून साडेदहापर्यंत चालणार आहे. शहरातले चांगले वादक आज दुसऱ्या एका मैफलीत गुंतले आहेत, त्यामुळे इथला मेळ जमवाजमव करून उभा केलाय, तालमी अपुऱ्या आहेत. आणि आज पहिल्यांदा लोकांसमोर येणाऱ्या गोष्टी कोणत्या? बीथोवनची पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी आणि चौथा पियानो कॉन्चेर्टो. शेवटी पियानो, ऑर्केस्ट्रा आणि गायकवृंद यांची एक मोठी रचना आहे. ती मध्येच फिसकटते आणि बीथोवन सगळ्यांना थांबवून पुन्हा सुरू करायला लावतो. पाचव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून उठतात. देवळात आणि ऑपेरात राहणारा ट्रॉम्बोन सिंफनीत येतो तेव्हा थंडीने आखडलेले लोकही पाठ सरळ करतात.

कॉन्चेर्टोची सुरुवात मात्र उलटी. ऑर्केस्ट्राने मंच तयार करायचा आणि वादकाने मागून यायचं हा रिवाज. बीथोवन वाट बघत नाही. पियानो एकटाच, हळू आवाजात पाच मापं बोलतो. ऑर्केस्ट्रा उत्तर देतो ते दूरच्या भलत्याच पट्टीतून, शेजारच्या खोलीतून कुणी बोलल्यासारखं नव्हे, थेट दुसऱ्याच घरातून. दुसऱ्या भागात सगळी तंतुवाद्यं एकाच सुरात दरडावतात आणि पियानो दर वेळी मवाळपणे उत्तर देतो. पाच मिनिटांत दरडावणं विरघळून जातं. संख्येने जिंकता येत नाही हे इतकं थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

पियानोवर बसलेल्या त्या माणसाचे कान जवळजवळ गेले आहेत. ऑर्केस्ट्रासह नवा कॉन्चेर्टो स्वतः लोकांसमोर वाजवायची त्याची ही अखेरची वेळ. पुढचा, पाचवा, तो 1809 मध्ये लिहितो. नेपोलियनच्या तोफा शहरावर पडत असताना तो भावाच्या तळघरात कानांवर उश्या दाबून बसला होता. तो कॉन्चेर्टो 1811 मध्ये लाइपत्सिगला लोकांसमोर पहिल्यांदा वाजतो, फ्रीडरिश श्नायडर नावाच्या दुसऱ्याच वादकाच्या हातून. आणि त्या हस्तलिखितात, जिथे ऑर्केस्ट्रा थांबून वादकाला मोकळं सोडतो नेमक्या त्या ठिकाणी, बीथोवनने सूचना लिहिली आहे की इथे कडेन्झा वाजवू नका, पुढे जा.

मोकळी जागा बंद झाली ती इथे. अहंकाराने नव्हे. जोवर रचनाकार आपला कॉन्चेर्टो स्वतः वाजवत होता, तोवर रिकामी जागा त्याचीच होती, ती भरायची काळजी नव्हती. आता लिहिणारा एक आणि वाजवणारा दुसरा. छापलेलं पुस्तक लंडनला, लाइपत्सिगला जाणार, अनोळखी हातांत पडणार. त्या हातांवर त्याने भरवसा का ठेवावा?

लाइपत्सिगला आलोच आहोत, तर थोडं पुढे, 13 मार्च 1845 ला. कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीतलं हे गेवान्डहाउस. लांबट, लाकडी सभागृह, बाकं समोरासमोर मांडलेली, त्यामुळे मैफलभर तुम्हाला पलीकडच्या लोकांचे चेहरे दिसत राहतात. भिंतीवर लॅटिन वचन आहे, खरा आनंद ही गंभीर गोष्ट आहे अशा अर्थाचं. इथे कुणी पत्ते खेळत नाही, कुणी खात नाही. श्रोत्याने गप्प बसून ऐकायचं ही एकोणिसाव्या शतकाची कमाई, आणि ती मोठी कमाई आहे. व्हायोलिन-व्हायोला वाजवणारे उभे राहून वाजवतात. पुढे एक माणूस हातात छडी घेऊन उभा आहे, तो स्वतः काहीच वाजवत नाही.

मेंडेल्सझोनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो आज पहिल्यांदा होणार आहे, पण मेंडेल्सझोन आजारी आहे, आलेला नाही. छडी नील्स गाडच्या हातात आहे, व्हायोलिन फर्डिनांड डाव्हिडच्या. सात वर्षांपूर्वी मेंडेल्सझोनने डाव्हिडला लिहिलं होतं की एक व्हायोलिन कॉन्चेर्टो डोक्यात घोळतोय आणि त्याची सुरुवात मला स्वस्थ बसू देत नाही. तेव्हापासून दोघांचा पत्रव्यवहार चालू होता: ही जागा बोटांना झेपेल का, हा तुकडा चांगला वाजेल का. तारांची झुळूक सुरू होते आणि दीड मापातच व्हायोलिन शिरतं, इतकं लवकर की लोक अजून खोकून घेत असतात.

कडेन्झा आहे. पण ती शेवटी नाही, भागाच्या मधोमध आहे, आणि सूर न् सूर लिहिलेली. डाव्हिडचा गज चारही तारांवरून उसळत जातो, आरोही-अवरोही लाटा निघतात. तेवढ्यात ऑर्केस्ट्रा मूळ धून घेऊन परत येतो आणि व्हायोलिन थांबत नाही. त्याच लाटा आता साथ झालेल्या असतात. एकटा सगळ्यांची संगत करतोय. मोकळी जागा हिरावून घेऊन त्या बदल्यात इतकं सुंदर काही देणारा दुसरा रचनाकार मला ठाऊक नाही. पहिला भाग संपतो तेव्हा 'बसून' हे फुंकवाद्य एकटंच एक सूर धरून ठेवतं, त्यामुळे टाळी वाजवायला सवडच मिळत नाही आणि दुसरा भाग सुरू झालेला असतो.

यानंतर वेग वाढवू. तिकिटावर चालणारी सभागृहं मोठी होत जातात आणि आवाजाला त्यांच्या मागे धावावं लागतं. हॉर्नला आणि ट्रम्पेटला झडपा बसतात, त्यामुळे त्यांना सगळे सूर मिळतात. म्युनिकचा ब्योम बासरीची भोकं आणि चाव्या नव्याने मांडतो. पियानोच्या पोटात ओतीव लोखंडाची चौकट येते, तारा जाड आणि ताठ होतात. मोझार्टचं वाद्य गल्लीतून उचलून नेता यायचं, याला हलवायला आता खास माणसं बोलवावी लागतात. 1875 मध्ये बोस्टनला चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजतो. दोन्ही हातांनी मारलेले ते रुंद स्वरगुच्छ लाकडी फोर्टेपियानोवर वाजलेच नसते. आणि 12 सप्टेंबर 1910 ला म्युनिकमध्ये माहलरच्या आठव्या सिंफनीसाठी वादक आणि गायक मिळून हजाराच्या वर माणसं उभी असतात.

मग महायुद्ध. पाउल विटगेनश्टाइन हा व्हिएन्नाचा पियानोवादक 1914 मध्ये पूर्व आघाडीवर जखमी होतो, उजवा हात कापावा लागतो. तो वाजवणं सोडत नाही, डाव्या हातासाठी नव्या रचना लिहवून घेतो. 5 जानेवारी 1932, व्हिएन्ना: राव्हेलचा कॉन्चेर्टो. अगदी खालच्या अंधारातून काँट्राबसून वर येतो, ऑर्केस्ट्रा सावकाश फुगत जातो, आणि मग पाच बोटं एवढ्या मोठ्या मेळापुढे एकटी उभी राहतात. तुम्ही डोळे मिटलेत तर दोन हात ऐकू येतात. विटगेनश्टाइनने वाजवताना स्वतःचे काही बदल केले आणि ते कळल्यावर राव्हेल संतापला. व्हिवाल्डीच्या काळात वादकाने भर घालणं हे त्याचं कामच होतं, दोनशे वर्षांत तो गुन्हा झाला होता.

बोस्टन, 1 डिसेंबर 1944. सिंफनी हॉलमध्ये तुम्हाला एक अतिशय कृश माणूस खुर्चीत बसलेला दिसेल. बेला बार्टोक, हंगेरी सोडून 1940 मध्ये अमेरिकेत आलेला. गेल्या वर्षी वसंतात तो न्यूयॉर्कच्या रुग्णालयात होता. ताप उतरत नव्हता, नवीन काही लिहिलेलं नव्हतं, पैसा नव्हता. सिगेटी आणि राइनर या दोन हंगेरियन मित्रांनी बोस्टनचे कंडक्टर कुसेव्हित्स्की यांच्याकडे शब्द टाकला, पण बार्टोकला कळू दिलं नाही. त्याने भीक घेतली नसती. कुसेव्हित्स्की रुग्णालयात गेले आणि 1000 डॉलरचं काम देऊन आले. त्या उन्हाळ्यात सॅरनॅक लेकला बसून बार्टोकने 15 ऑगस्ट ते 8 ऑक्टोबर या दिवसांत ते पूर्ण केलं.

नाव ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्टो. मंचावर पुढे येऊन उभं राहणारं कुणीच नाही. दुसऱ्या भागात ताशासारखा छोटा ड्रम सुरुवात करून देतो, त्याच्या खालच्या तारा सैल सोडलेल्या. मग दोन बसून जोडीने निघतात, एकमेकांपासून नेहमी सारखंच अंतर राखून. त्यांच्या मागून दोन ओबो, अंतर वेगळं. दोन क्लॅरिनेट, दोन बासऱ्या, तोंडात म्यूट घातलेले दोन ट्रम्पेट. प्रत्येक जोडीचं आपलं अंतर, म्हणून प्रत्येकीची चव वेगळी. आयुष्यभर मागच्या रांगेत बसलेल्या बसूनवादकाकडे सगळं सभागृह बघतंय. व्हिवाल्डीने एकटीला घोळक्यातून बाहेर काढलं होतं, बार्टोकने घोळक्यातल्या प्रत्येकाला बाहेर काढलं. बार्टोक दहा महिन्यांनी गेला.

आता मुंबई. इथे ऑर्केस्ट्रा बोटीतून उतरून एकाएकी आला नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं सोल्फा आणि व्हायोलिन शिकत होती, आणि नोटेशन वाचणारी ती मंडळी मुंबईच्या हॉटेलांत, नंतर सिनेमाच्या स्टुडिओंत बसली. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी 1958 मध्ये आपल्या ऑर्केस्ट्रापुढे लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना एकल गायक म्हणून उभं केलं. रागाला स्वरगुच्छांचा आधार कसा द्यायचा याचा तो गंभीर प्रयोग होता. गोन्साल्विसांची आठवण आपण फक्त एका सिनेमागीतात ठेवली, हे बरं झालं नाही.

2015, नरिमन पॉइंट. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियापुढे, जिथे पियानो किंवा व्हायोलिन असतं तिथे, तबल्याची जोडी आहे. उस्ताद झाकिर हुसेन यांनी या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला कॉन्चेर्टो, 'पेशकार'. एकल तबलावादनाची सुरुवात ज्याने होते, विलंबित लयीत ज्याची वाढ जागच्या जागी सुचत जाते, तो पेशकार. ऑर्केस्ट्राच्या स्टँडवर छापलेली पानं आहेत, सूर न् सूर बांधलेला. तबल्यापुढे तसं बंधन नाही.

तुम्ही व्हायोलिनवाल्यांकडे बघा. पान समोर असूनही काहींची नजर उस्तादांच्या हातांकडे आहे. चक्र ठरलेलं आहे, मात्रा ठरलेल्या आहेत, सम कुठे येणार हे कंडक्टरला माहीत आहे. मेलग्रूबेत जे काम ट्रिल करत होता ते इथे तिहाई करते. तिचा पहिला पल्ला सुरू झाला की गज वर जातात.

दुसरा पल्ला. तिसरा. धा!

आणि सगळा ऑर्केस्ट्रा समेवर.